दगडाला एक वेढा

महेबूबचाचांवर माझा राग आहे. ते वारले त्याला दोन उन्हाळे झाले, तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण राग आहे तो आहे, आणि तो लपवून चाचांविषयी लिहायला बसलो तर पहिल्या पानावरच खोटा पडेन.

नळदुर्गला हमरस्त्याच्या कडेला माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांच्या चौकटी, पत्रे, पाइप, शाळांचे मोडके बाक, मागाल ते. सुरुवात हातगाड्यावर केली. अणदूरपासून मुरुमपर्यंतच्या गल्ल्या ओरडत पालथ्या घातल्या, तेव्हा कुठं हे छप्पर उभं राहिलं. घेताना वस्तू कशी टाकाऊ आहे आणि विकताना तीच कशी परत मिळणार नाही, हे सांगायला मला कुणी शिकवलं नाही. घासाघीस झाली नाही तर मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, "यम न्यायला आला तर त्याला बी दोन तास दारात उभा कराल तुमी."

चाचा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला ते गिऱ्हाईक वाटलेच नाहीत. सडपातळ, उन्हानं रापलेले, साठी ओलांडलेली. डोक्याला पांढरी टोपी आणि पायात मोज्यांशिवाय पांढरे कॅनव्हासचे बूट. सामानाकडं त्यांनी पाहिलंही नाही. टेम्पोतून उतरवलेल्या दोराचा गुंता दारात पडला होता. त्याच्यापुढं ते उकिडवे बसले, गुंता सोडवला आणि दोराची वेटोळी घालायला लागले. एकावर एक, सारख्या मापाची, चकलीसारखी. झाल्यावर ती गुंडाळी खिळ्याला अडकवली, हात झटकले आणि मग बोट दाखवून म्हणाले, "हे बाक पायजेत. आन् तो तुषारचा पाइप. आन् ते फ्लेक्स."

मी नेहमीप्रमाणे अव्वाच्या सव्वा भाव सांगितला आणि बाह्या सावरल्या.

"बरं," ते म्हणाले.

"बरं म्हंजे?"

"तुमी सांगितलं की. बरं."

मला असा राग आला म्हणता! समोरचा लढतच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? मी म्हणालो, "अहो चाचा, कायतरी बोला! लई झालं म्हना, लुटता का म्हना!" ते नुसते हसले. शेवटी मीच माझ्याशी घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आन् करनार काय ह्याचं?" मी विचारलं.

"नाव. शिडाची. दोन मानसं बसतील एवढी."

शेजारच्या हॉटेलचा बसू चहा घेऊन आला होता. हसण्यानं त्याच्या हातातला ट्रे हलला. "चाचा, टँकरमधी सोडनार का?"

चाचांनी ट्रेकडं हात नेला. एक चहा घेतला आणि कप ठेवताना त्याचा कान वाऱ्याच्या उलट्या दिशेला फिरवून ठेवला. ही त्यांची खोडच होती. वारा कुठून येतो हे त्यांना सतत माहीत असायचं. आपण घड्याळ बघतो तसे ते लोकांच्या वाळत घातलेल्या धोतरा-लुगड्यांकडं बघायचे. बोलता बोलता मान किंचित वळवायचे, गालावर वारा घ्यायचे आणि पुन्हा बोलणं पुढं चालू.

चाचा मूळचे इथलेच, सुताराच्या घरचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि तिथल्या बंदरात, साहेबलोकांच्या शिडाच्या होड्या असतात त्या एका क्लबात, म्हातारे होईपर्यंत नोकरी केली. बायको, जैतूनचाची, इथंच राहिली. सासू-सासरे, दोन मुली, त्यांची लग्नं, सगळं तिनं एकटीनं केलं. चाचा वर्षातून एकदा यायचे, पंधरा दिवस राहायचे. नोकरी संपवून ते कायमचे परत आले, तोवर चाचीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एक डोळा गेलेला. दुसऱ्यात पाइपमधून पाहावं तेवढंच मधलं दिसायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, आणि उरलंय तेही हळूहळू जाईल.

नवरा जन्मभर पाण्यावर काय करत होता, हे त्या बाईनं कधी पाहिलं नव्हतं. तो वाऱ्यावर नाव चालवतो, यावर तिचा विश्वासही नव्हता. "बिना इंजन की?" म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. चाचांनी तिला शब्द दिला होता. नळदुर्गच्या पायऱ्यांना शिडाची नाव आणून लावतो, तुला बसवतो, पाण्यावरून किल्ला दाखवतो. उरलेला डोळा आहे तोवर.

आमच्या बोरी नदीचं पाणी किल्ल्यातल्या जुन्या दगडी बांधामागं तुंबतं. चांगला पाऊस झाला की ते मागं पसरत जातं, पार गावाच्या खालच्या अंगाच्या पायऱ्यांपर्यंत. मग बुरुज पाण्यात उलटे दिसतात. चाचा म्हणायचे, "मल्लूशेठ, गाव बघावं तर पान्यावरनं. रस्त्यावरनं दिसते ती गावाची पाठ. तुमी जल्मलात हितं, पर नळदुर्गचं तोंड तुमी बघितलं न्हाय."

त्या वर्षी पाऊस झाला होता. पाणी होतं. पण कडेच्या शेतांतल्या मोटारी एकदा रब्बीला चालू झाल्या की ते पायरी पायरीनं उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांची दोन घड्याळांशी शर्यत होती, एक नदीत आणि एक घरात.

नाव माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत तयार झाली. बाकांच्या फळ्यांचा सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर बसच्या बॉडीला लावतात तसलं फायबर. तुषार सिंचनाच्या ॲल्युमिनियमच्या पाइपाची डोलकाठी. शीड फ्लेक्सचं. एका बाजूनं पांढरंशुभ्र, आणि दुसऱ्या बाजूला कुणा भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा, एक मिशी आणि 'हार्दिक शुभेच्छा'. बसू म्हणाला, "चाचा, निवडनुकीत पडला तो. तुमची नाव बुडवंल." चाचा म्हणाले, "पडूनशान वारा धरतोय बघा. लई लोकांना तेवढं बी जमत न्हाय."

त्यांचं एक बोलणं होतं, ते कशालाही लावायचे: "आधी थांबायचं कुठं ते बघा, मग निघा." शिडाच्या नावेला ब्रेक नसतो, त्यातून आलेलं. कुणी नवी मोटारसायकल घेतली, त्याला तेच. कुणाच्या लग्नाची बोलणी चालली असली, त्याला तेच. एकदा माझं आणि एका ट्रकवाल्याचं रस्त्यात जुंपलं होतं. मी त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेत होतो. चाचा ट्रकवरून लोंबणारा दोर गुंडाळत मधेच उभे राहिले आणि शांतपणे विचारलं, "मल्लूशेठ, निघालात खरं. थांबनार कुठं?" ट्रकवाला हसला. मग मलाही हसू आलं. भांडणातलं सगळं वारं गेलं.

नाव होत आली तसं त्यांनी मला एक विचित्र काम लावलं. दुकानापुढं उतार आहे आणि उताराच्या टोकाला पाटीचा लोखंडी खांब. चाचा वरून हातगाडा सोडायचे, त्याला दोर बांधलेला. दोराचं टोक माझ्याकडं फेकायचे.

"गाडा म्हंजे नाव. येतीया. खांबाला एक येढा द्या आन् सोडत सोडत थांबवा."

मी दोर पकडला की ओढायचो. गाडा गर्रकन वळून खांबावर आदळायचा.

"वढू नगा. वढली की ती अंगावर येतीया. एक येढा, आन् मग सैल. थोडं, अजून थोडं. तिचं तिला थांबू द्या."

आता हे आम्हा लोकांना कसं जमावं? आमच्याकडं दोर हातात आला की माणूस ओढतो. विहिरीतली बादली असो, रुतलेला टेम्पो असो, अडून बसलेला बैल असो. आमच्या मुलखात ओढल्याशिवाय काही वर येत नाही की पुढं सरकत नाही. शिवाय माझा तर सगळा जन्म असा गेलेला की हातात आलेलं सैल सोडणं म्हणजे नुकसान. रोज संध्याकाळी चार वाजता हा तमाशा चालायचा. बसूच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बसायची. "मल्लूशेठ, गाडा पळाला!" "मल्लूशेठ, वढा, वढा!" मी लालबुंद व्हायचो. चाचा फक्त म्हणायचे, "पुन्ना."

शेवटी शेवटी जमायला लागलं. दहापैकी आठ वेळा गाडा खांबापाशी येऊन असा थांबायचा, जसा पाहुणा दारात येऊन थांबतो. चाचा तेव्हा टोपी काढून पुन्हा घालायचे.

माझी समजूत अशी होती की हे सगळं शिकवतायत म्हणजे पहिल्या फेरीला नावेत मी असणार. सामान माझं, जागा माझी, उन्हात घाम गाळला तो माझा. आदल्या दिवशी विचारलं, "चाचा, मी कुठं बसायचं? फुडं का मागं?"

"तुमी? तुमी पायरीवर. दोर घ्यायला."

"दोर घ्यायला बसू हाय की!"

"बसूला जमायचं न्हाय."

"आन् नावेत?"

"येताना मी एकटा. मग जैतूनला घिऊन एक चक्कर. मग तुमी."

मी आत पेटलो. एवढं करून मला काठावर उभं करायचं, हमालासारखं! रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा सुमार. वारा छान होता. चाचांनी वरच्या अंगाला, एका शेताच्या कडेनं नाव पाण्यात सोडली होती. पायऱ्यांवर ही गर्दी. जैतूनचाची सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर बसली होती. नवी कोरी हिरवी साडी, पायांत चपला नाहीत. नावेत चपला घालत नाहीत, असं चाचांनी सांगितलं होतं.

आणि वळणावरून ते पांढरं शीड आलं.

मी पुष्कळ वस्तू पाहिल्यात, त्यांचा भाव मनात करायची मला सवय आहे. त्या क्षणी काही सुचलं नाही. आवाज नाही, धूर नाही. मागं बुरुज, आणि आमच्या शाळेच्या मोडक्या बाकांची नाव पाण्यावरून कलून येतेय. चाची एक डोळा मिटून, दुसऱ्यानं नेम धरल्यासारखी बघत होती. "सफेद हय ना?" तिनं विचारलं. "व्हय चाची, पांढरं." "दिस्या मेरेकू," ती म्हणाली. तेवढ्यात नाव वळली आणि नगरसेवकाची मिशी आमच्याकडं झाली. सगळे खो खो हसले. चाचीही.

मागून कुणीतरी ओरडलं, "मल्लूशेठ, हमालीला तयार ऱ्हावा!"

चाचांनी बरोबर जागेवर शीड पाडलं. नाव आपल्याच वेगानं पायऱ्यांकडं सरकत आली. पायरीला लागून पाण्यात एक उभा दगड आहे, त्याला मी वेढा द्यायचा होता. दोर आला. अगदी हातात आला. "येक येढा!" चाचा म्हणाले. "सोडत!"

आणि मी ओढला.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते 'हमाल' कानात होतं, आदल्या दिवशीचा राग होता, नाव आपल्याकडं यावी, लवकर यावी, मी आणलेली दिसावी, असं काहीतरी होतं. दोन्ही पाय रोवून, विहिरीतनं बादली काढावी तसा ओढला. नाव गर्रकन फिरली आणि तिचं नाक पायरीच्या कोपऱ्यावर बसलं. तो आवाज मी विसरणार नाही. डोलकाठी आडवी झाली, चाचा पाण्यात. कमरेएवढं पाणी होतं. ते उठले, टोपी गेलेली, आणि पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर फुटलेल्या जागेवर आपली पाठ लावून उभे राहिले, चाचीला दिसू नये म्हणून.

तिला पाइपातून दिसतं तेवढंच दिसत होतं. तिनं विचारलं, "आये क्या?"

"आया," चाचा म्हणाले.

ती उठली, हातानं चाचपत एक पायरी खाली आली, अनवाणी पाय पुढं केला. "बैठू?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "आज नै, जैतून. हवा नै आज."

चाचीच्या साडीचा पदर वाऱ्यानं फडफडत होता. तिनं तो दोन्ही हातांनी आवरला, खांद्यावरून घट्ट घेतला आणि म्हणाली, "हौ. हवा नै."

दुरुस्तीला दिवस लागले. फायबर वाळायला थंडीत वेळ लागतो. तोवर मोटारी सुरू झाल्या आणि पाणी उतरायला लागलं. जन्मात कुणापुढं नमलो नाही तो मी एकेका शेतकऱ्याच्या बांधावर गेलो. चार दिवस मोटार बंद ठेवा म्हणालो. ते म्हणाले, "शेठ, आमचा हरभरा वाळंल त्याचं काय?" पुढच्या बांधावर गेलो, तिथंही तेच. वरच्या धरणातून थोडं पाणी सुटतं का म्हणून ऑफिसात गेलो. तिथला माणूस सज्जन होता, त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. "शिडाच्या नावेसाठी?" त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "अर्ज देऊन ठेवा." आवाज चढवावा, टेबल आपटावं, असं तिथं कुणीच नव्हतं. माझी सगळी कला माझ्यापाशीच राहिली.

नाव दुरुस्त झाली तेव्हा खालच्या पायऱ्यांशी घोटाभर पाणी होतं. चाचांनी तिथंच ती दगडाला बांधून ठेवली. पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणावं इतका कमी आला. त्या हिवाळ्यात चाचीचा दुसरा डोळाही गेला.

मी टेम्पो घेऊन चाचांच्या घरी भांडायला गेलो. होय, मीच. म्हणालो, "शिव्या द्या मला. गावासमोर द्या. तुमी बोलत न्हाय ते मला सोसत न्हाय." ते माझ्या टेम्पोचा दोर गुंडाळत होते. "होतं, मल्लूशेठ," एवढंच म्हणाले. मी हात धरला, तर हात सोडवून घेऊन पुन्हा गुंडाळायला लागले. भाव सांगितल्यावर 'बरं' म्हणणारा तोच माणूस. लढायलाच तयार नाही.

ते दोर ठेवायला बाहेर गेल्यावर चाचीनं सांगितलं. मराठीत, मला नीट कळावं म्हणून. "मुंबईला ते नाव चालवत नव्हते, भाऊ. धक्क्यावर उभे राहून साहेबांचे दोर धरायचे. तीस-पस्तीस साल. नाव आली की दोर झेलायचा, बांधायचा. दुपारी कोनी नसताना थोडी नाव चालवून बघायचे, पर परत आले की दोर धरायला कोन? उडी मारून आपलाच आपन बांधायचे. मला म्हनले होते, एकदा मी येईन आन् काठावर कोनीतरी माझा दोर धरंल. मी म्हनलं, कोन? तर म्हनले, मल्लूशेठ. हात मजबूत हाय त्याचा."

माझा राग आहे तो हा. हे मला सांगायला काय झालं होतं? काठावरची ती जागा जन्मभर त्यांची होती आणि ती ते मला देतायत, एवढं एक वाक्य बोलले असते तर मी तो दोर सोन्यासारखा सोडला असता. पण ज्याला त्याला थांबायचं कुठं ते सांगणाऱ्या माणसानं नेमकं हेच पोटात ठेवलं. मी ओरडून ओरडून माझी किंमत जगाला सांगत आलो. त्यांनी स्वतःची कधी सांगितलीच नाही, मग मला कळणार कशी?

नाव बांधली तेव्हापासून, पाणी उतरत गेलं तसे ते रोज पायऱ्यांवर जायचे आणि बांधलेला दोर थोडा सैल करायचे. पाणी खाली जातं तशी नाव खाली जाते, दोर आखूड राहिला तर ती लटकते. नदी आटली, नाव चिखलात बसली, चिखल वाळून भेगाळला, तरी जाणं चुकलं नाही. बसूसुद्धा हसायचा बंद झाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चाचीचा दुसरा डोळा गेल्यानंतरच्या मे महिन्यात. त्यानंतर पंधरा दिवसांत, झोपेतच, ते गेले. मी पायऱ्यांवर गेलो होतो, कशाला ते सांगायला आता लाज वाटते. पाणी आलंय का बघायला. ऊन कलत होतं. कोरड्या पात्रात नाव उभी होती, शीड वर चढवलेलं, आणि नावेत पुढच्या फळीवर जैतूनचाची बसली होती. हिरवी साडी, अनवाणी. मागं सुकाणू धरून चाचा.

"बाएं कू किल्ला," ते सांगत होते. "बडा बुर्ज. अब पानी में पूरा उल्टा दिख रहा."

"इत्ती धूल उडती क्या जी पानी में?" चाची म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

चाचाही हसले. मग त्यांनी मान वळवली, गालावर वारा घेतला, आणि मी दिसलो. त्यांनी सुकाणू सोडलं. शीड पाडलं, पुढं येऊन दगडावरनं सोडून घेतलेला दोर उचलला, त्याची वेटोळी एकदा हातात तोलली आणि माझ्याकडं फेकला.

"मल्लूशेठ," म्हणाले, "येतीया."

मी दोर झेलला. उभ्या दगडाला एक वेढा दिला. मग सोडायला लागलो. थोडा. अजून थोडा. पलीकडून ओढ नव्हती. किती सोडायचा ते मला कळेना, आणि ते दोघं माझ्याकडं तोंड करून बसले होते.